बाटली खराब नाही, ही व्हिस्की अशीच असते

लाफ्रॉइग ही स्कॉच व्हिस्की पहिल्यांदा नेणारे काहीजण बाटली परत घेऊन येतात. "दवाखान्यासारखा वास येतोय, माल नकली तर नाही ना?" शंका रास्त आहे, पैसे काही थोडेथोडके मोजलेले नसतात. म्हणून हे माहितीपत्रक.

तो वास धुराचा आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला (उच्चार असाच) नावाचं बेट आहे, लाफ्रॉइग तिथेच बनते. तिथे झाडी कमी आणि दलदल फार. शेवाळ, हेदरची झुडपं, गवत हे सगळं हजारो वर्षं त्या दलदलीत अर्धवट कुजून दाबलं जातं, त्याला पीट म्हणतात. विटांसारखे तुकडे कापून वाळवले की जळण तयार. व्हिस्कीसाठी बार्ली, म्हणजे जव, भिजवून मोड आणतात आणि मोड पुढे वाढू नयेत म्हणून भट्टीवर वाळवतात. दाणे ओले असतानाच खाली पीटचा धूर केला, की त्यातली फिनॉल नावाची द्रव्यं सालाला चिकटतात. दवाखान्याची आठवण करून देतात ती हीच. लाफ्रॉइग आजही आपल्या गरजेपैकी थोडी बार्ली स्वतःच्या फरशीवर पसरून, फावड्याने उलथीपालथी करत मोडवते. हल्ली हा खटाटोप मोजक्याच ठिकाणी उरला आहे. बाकीची बार्ली बाहेरून येते.

'४० पीपीएम', '४५ पीपीएम' (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग) हे आकडे वाळवलेल्या बार्लीतल्या फिनॉलचे असतात, बाटलीतल्या व्हिस्कीचे नव्हेत. मद्य उकळून त्याची वाफ थंड करताना बरंच फिनॉल मागे राहतं. शिवाय धुरकट भाग उशिरा उतरतो, त्यामुळे उतरणारी धार व्हिस्कीसाठी घेणं कुठे थांबवायचं यावरही चव ठरते. तेव्हा नुसता आकडा बघून बाटली निवडू नका.

लाफ्रॉइगची डिस्टिलरी, म्हणजे मद्य बनवायचा कारखाना, १८१५ साली डोनाल्ड आणि अलेक्झांडर जॉन्स्टन या भावांनी काढली. शेजारच्या लागाव्हुलिन डिस्टिलरीचे मालक पीटर मॅकी यांच्याकडे लाफ्रॉइगच्या विक्रीचं काम होतं. १९०७ मध्ये ते हातातून गेलं, तेव्हा त्यांनी लाफ्रॉइगचं पाणीच अडवलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. पाणी परत सोडावं लागल्यावर मॅकींनी १९०८ मध्ये स्वतःच्याच आवारात 'मॉल्ट मिल' नावाची दुसरी डिस्टिलरी उभी केली, लाफ्रॉइगसारखीच व्हिस्की काढायला. बेट एक, पीट एक, तरी ती चव काही जमली नाही. मॉल्ट मिल १९६२ मध्ये बंद पडली.

अमेरिकेत दारूबंदी असताना लाफ्रॉइग औषध म्हणून विकली गेली, असं सांगतात. वास बघता अधिकाऱ्यांना पटलंही असेल!

जॉन्स्टन घराण्यातले शेवटचे मालक इयन हंटर. त्यांच्याकडे १९३४ मध्ये ग्लासगोहून बेसी विल्यमसन उन्हाळ्यापुरत्या टायपिस्ट म्हणून आल्या आणि तिथेच राहिल्या. १९५४ मध्ये हंटर वारले, ते डिस्टिलरी बेसीबाईंच्या नावे करून. त्या काळी स्कॉच बनवणाऱ्या डिस्टिलरीवर बाई मालक म्हणून बसणं ही साधी गोष्ट नव्हती. बाईंनी १९७२ पर्यंत कारभार पाहिला.

आता घेण्याविषयी. लेबलवरची '१०' म्हणजे आतली सर्वांत कोवळी व्हिस्कीही लाकडी पिंपात दहा वर्षं मुरलेली आहे. जास्त वर्षांची बाटली जास्त धुरकट असेल असं समजू नका, मुरताना धूर उलट मवाळ होतो. लाफ्रॉइगचीच 'क्वार्टर कास्क' ४८ टक्के अल्कोहोलची आहे. पाणी घातल्यावर ती किंचित गढूळ दिसली तर घाबरू नका, बाटलीत भरण्याआधी थंड करून गाळणीतून काढलेली नसल्यामुळे तसं होतं. सुरुवातीला बर्फ टाळा, साधं पाणी चमचाभर घालून बघा. सोडा घालायचा तर घाला, पण मग एवढी महाग बाटली कशाला, असं आमचं मत. धूर आवडेल की नाही याची खात्री नसेल तर थेट बाटली घेऊ नका, आधी एखाद्या बारमध्ये एक पेग चाखा.

बाटली उभी ठेवा, उन्हापासून लांब. अर्ध्याखाली आली की वर्षभर राखून ठेवू नका, धुराचा वास उतरत जातो.

येताना मद्यसेवन परवाना आणि वयाचा पुरावा आणा. २५ वर्षं पूर्ण नसतील तर आम्ही व्हिस्की देत नाही.