जैविक वारसा स्थळाचा प्रस्ताव: पात्रता, कागदपत्रं आणि नकाशातल्या चुका

पाटण-जावळीतला जांभ्याचा सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार) असो की जत-आटपाडीचं माळरान, सातबारावर त्याची नोंद बहुतेक वेळा पोटखराबा, पड किंवा गायरान अशीच असते. अशा जागेला जैविक विविधता कायदा, 2002 च्या कलम 37 खाली वारसा स्थळाचा दर्जा मिळू शकतो. गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती प्रस्ताव करते, नागपूरचं राज्य जैवविविधता मंडळ शिफारस करतं, अधिसूचना राज्य सरकार काढतं. कोयना अभयारण्य किंवा चांदोली उद्यानाच्या हद्दीतली जागा यात धरू नका. तिथे वन्यजीव कायदा चालतो, अभ्यासासाठी पाहणी करायलाही कलम 28 चा परवाना लागतो.

प्रदेशनिष्ठ (ठरावीक प्रदेशातच आढळणाऱ्या) किंवा संकटग्रस्त जाती, पिकांचे रानटी पूर्वज, देवराईसारखी परंपरा, यांवर पात्रता ठरते. क्षेत्र मोठंच हवं असं नाही. आंबोलीचं हिरण्यकेशी स्थळ अवघं 2.11 हेक्टर आहे.

सोबत ग्रामसभेचा ठराव (गट क्रमांकांसह), लोक जैवविविधता नोंदवहीतली (गावातल्या जीवजातींची नोंद ठेवणारी वही) पानं, सातबारा, भूमी अभिलेखचा गटनकाशा, खासगी जमीन असल्यास मालकाची संमती आणि वनजमीन असल्यास वनविभागाचं मत जोडावं.

खरी मेख नकाशात आहे. नुसती जातींची यादी पुरत नाही. प्रत्येक नोंदीला अक्षांश-रेखांश, तारीख आणि अधिवास हवा: उघडा कातळ, पाण्याचं डबकं, सड्याची कड. मे महिन्यात सडा ओसाडच दिसणार; गेंद, दवबिंदू, सीतेची आसवं ही फुलं नोंदवायची तर ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये जायला हवं, आणि कंदवर्गीय फुलांसाठी पावसाच्या सुरुवातीलाही एक फेरी.

अंश-मिनिटं आणि दशांश यांची गल्लत सर्रास होते. कास पठाराचे अक्षांश 17 अंश 43 मिनिटं म्हणजे 17.7167. कुणी ते 17.43 लिहिलं की बिंदू सुमारे 32 किलोमीटर दक्षिणेला सरकतो. रेखांशातही तेच झालं तर फूल घाट उतरून चिपळूणकडे उगवतं! दशांशानंतर पाच आकडे ठेवा. चौथ्या आकड्यातला एकाचा फरकही जमिनीवर 11 मीटर भरतो. क्षेत्रफळ यूटीएम (मीटरमध्ये मोजणारी नकाशा-पद्धत) झोन 43 मध्ये मोजून हेक्टर-आरमध्ये लिहा आणि सातबाऱ्याशी ताडा. हद्द अधिवासाप्रमाणे आखावी, पण ती कोणत्या गटातून जाते ते स्पष्ट दाखवावं.

ग्रामसभेत पहिला प्रश्न चराईचा येतो. गावाने स्वतःहून मान्य केलेल्या निर्बंधांपलीकडे रूढ वापरावर बंधन येऊ नये, हे मार्गदर्शक सूचनांतच आहे. म्हणून वैरण, सरपण, जत्रेची वाट ही सगळी ठरावातच लिहून घ्या.

आमरी (ऑर्किड) आणि कंदील फुलांची (सेरोपेजिया) नेमकी ठिकाणं मात्र जाहीर नकाशावर दाखवू नका, खणून नेणारे असतात. ती बंद पाकिटात मंडळाकडे द्या.