बॉर्न टू रन (शीर्षकगीत)

अमेरिकन रॉक गायक-गीतकार ब्रूस स्प्रिंगस्टीन (जन्म १९४९) यांच्या १९७५ सालच्या 'बॉर्न टू रन' या अल्बमचे शीर्षकगीत. गाण्याची लांबी साडेचार मिनिटे. ध्वनिमुद्रणाला मात्र १९७४ मध्ये जवळजवळ सहा महिने लागले. ऐकताना वाटते की बँडने एका दमात, उसळत्या जोशात ते वाजवून टाकले असावे. प्रत्यक्षात हा जोश स्टुडिओत थरावर थर चढवत, पुनःपुन्हा पुसून आणि नव्याने मांडून घडवलेला आहे.

स्प्रिंगस्टीन यांचे पहिले दोन्ही अल्बम १९७३ साली आले. समीक्षकांनी वाखाणले, पण खप बेताचाच राहिला. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत त्यांची पाठराखण करणारे क्लाइव्ह डेव्हिस त्याच वर्षी पदावरून गेले आणि कंपनीचा उत्साह ओसरला. तिसरा अल्बम चालला नाही, तर करार टिकणे कठीण होते. या एका गाण्यावर इतका वेळ आणि पैसा का ओतला गेला, हे त्यावरून समजते.

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील लाँग ब्रँच गावात भाड्याच्या छोट्या घरात स्प्रिंगस्टीन यांनी हे गाणे रचायला घेतले. आधी नाव सुचले, बाकीचे शब्द मागून आले. अल्बममधील बरीचशी गाणी त्यांनी पियानोवर बांधली. हे मात्र गिटारवर. रॉय ऑर्बिसन यांची भरदार गायकी, ड्वेन एडी यांच्या गिटारचा खर्जातला घुमारा आणि निर्माते फिल स्पेक्टर यांचा भव्य ध्वनी हे तिन्ही एकत्र यावेत, अशी त्यांची इच्छा होती.

यातले स्पेक्टर यांचे तंत्र सर्वांत महत्त्वाचे, आणि सर्वांत अडचणीचेही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला स्पेक्टर लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत एकाच खोलीत कितीतरी वादक बसवत, एकेक वाद्य दुप्पट-तिप्पट करत आणि सगळा नाद प्रतिध्वनीच्या खोलीतून फिरवून घेत. स्प्रिंगस्टीन यांच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके वादक होते आणि न्यूयॉर्क राज्यातील ब्लॉव्हेल्ट येथील '९१४ साउंड स्टुडिओज'मधले १६ ट्रॅकचे, म्हणजे सोळा आवाज वेगवेगळे टिपणारे, यंत्र. म्हणून तीच माणसे पुनःपुन्हा वाजवत राहिली. गिटारवर गिटार चढले. पियानो, ऑर्गन, ग्लॉकेनस्पील (धातूच्या पट्ट्यांवर आघात करून वाजवायचे वाद्य), सिंथेसायझर आणि सॅक्सोफोन आले. ट्रॅक संपले की काही ट्रॅकवरचे आवाज एकत्र करून एकावर उतरवायचे आणि मोकळ्या जागेत नवे वाद्य घ्यायचे. असे एकत्र केलेले आवाज पुन्हा सुटे होत नाहीत. त्यामुळे कोणते वाद्य किती पुढे आणि किती मागे, हा प्रत्येक निर्णय जवळपास कायमचा होता. तंतुवाद्यांचा ताफा, कोरस, दुहेरी गायन असे पर्यायही करून पाहिले आणि बहुतेक सोडून दिले. निर्माते माइक अपेल आणि ध्वनिमुद्रक लुई लाहाव या काळात स्प्रिंगस्टीन यांच्या बरोबरीने राबले. इतक्या थरांखाली गाणे गुदमरायला हवे होते. ते मोकळे धावते, यात त्यांच्या मेहनतीचा वाटा फार मोठा आहे.

गाण्याची ओळख बनलेल्या गिटारच्या रिफची, म्हणजे पुनःपुन्हा येणाऱ्या छोट्या स्वरावलीची, कथा स्टीव्ह व्हॅन झँट यांनी सांगितली आहे. ते तेव्हा बँडमध्ये नव्हते, स्प्रिंगस्टीन यांचे जुने मित्र होते. स्प्रिंगस्टीन तार ओढून खालच्या स्वरावरून वरच्या स्वरावर जात होते, पण दाट रिव्हर्बमुळे (कृत्रिम घुमाऱ्यामुळे) वर पोहोचलेला स्वर ऐकूच येत नव्हता. व्हॅन झँट यांच्या कानाला रिफ मायनर वाटली, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत शुद्धाच्या जागी कोमल स्वर. महिनोन्‌महिने तेच ऐकून सरावलेल्या कानांच्या हे लक्षात आले नव्हते. रिफ दुरुस्त झाली, आणि आज ती ज्या विजयी सुरात ऐकू येते ती त्यानंतरची.

रचनेतही धाडस आहे. दोन कडव्यांनंतर क्लॅरेन्स क्लेमन्स यांचा सॅक्सोफोन येतो, मग मधला भाग, आणि त्यानंतर सगळा बँड अर्ध्या-अर्ध्या स्वराने पायऱ्या उतरत खाली येतो. क्षणभर सारे विस्कटल्यासारखे वाटते. तेवढ्यात चार आकडे मोजले जातात आणि शेवटचे कडवे पूर्ण ताकदीने उसळते. येथील ड्रमवादन अर्नेस्ट कार्टर यांचे आहे. स्प्रिंगस्टीन यांच्या त्या काळातील प्रकाशित ध्वनिमुद्रणांपैकी कार्टर या एकाच गाण्यात आहेत. ऑगस्ट १९७४ मध्ये ते आणि पियानोवादक डेव्हिड सँशस बँड सोडून गेले, आणि त्यांच्या जागी मॅक्स वाइनबर्ग व रॉय बिटन आले. मैफलींमध्ये हे गाणे वर्षानुवर्षे वाजवणारे वाइनबर्ग यांनी कार्टर यांच्या त्या वादनाचे मोठेपण मोकळेपणाने मान्य केले आहे. कार्टर यांचे नाव याहून अधिक घेतले जायला हवे.

१९७४च्या अखेरीस अल्बम तयार नसतानाच गाण्याची टेप क्लीव्हलँड, फिलाडेल्फिया, बॉस्टन अशा शहरांतल्या मोजक्या रेडिओ निवेदकांच्या हाती दिली गेली. श्रोते दुकानांत विचारू लागले आणि रेकॉर्ड उपलब्धच नव्हती. या मागणीने कंपनीचा विश्वास परत आणला. उरलेला अल्बम मुख्यतः १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत सहनिर्माते जॉन लँडाउ आणि ध्वनिमुद्रक जिमी आयोव्हिन यांच्या साथीने झाला. अल्बम २५ ऑगस्ट १९७५ रोजी आला व अमेरिकेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. गाणे मात्र एकल स्वरूपात २३व्या क्रमांकावर थांबले.

शब्दांत महामार्ग ९ येतो, जो स्प्रिंगस्टीन यांच्या फ्रीहोल्ड गावातून जातो, आणि ॲस्बरी पार्कच्या किनाऱ्यावरचे 'पॅलेस' हे करमणूक केंद्रही येते. गाव सोडून पळून जाऊ म्हणणाऱ्या या गाण्याला न्यू जर्सीच्याच असेंब्लीने १९८० मध्ये राज्यातील तरुणाईचे गीत म्हणून गौरवणारा ठराव केला. १९८८च्या दौऱ्यात स्प्रिंगस्टीन यांनी सगळे थर काढून ते केवळ अकूस्टिक गिटार आणि हार्मोनिकावर, संथ लयीत गायले. शब्दांमधला एकटेपणा तेव्हा प्रथमच इतका स्पष्ट ऐकू आला.

१९७४ मधील एक हस्तलिखित पान २०१३ मध्ये सदबीजच्या लिलावात १ लाख ९७ हजार डॉलरना विकले गेले. त्यावरच्या बहुतेक ओळी अंतिम गाण्यात नाहीत; ध्रुवपद मात्र तेव्हाच जवळजवळ पूर्ण झालेले दिसते.