उमुओफिया आणि उमुआरो: अचेबेंची दोन गावं, दोन वेगळे विनाश

नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) अभ्यासाला लागली की तिच्या पाठोपाठ ‘ॲरो ऑफ गॉड’ (१९६४) हातात येते, आणि दोन्ही लागोपाठ वाचल्या की थोड्याच दिवसांत डोक्यात त्यांची सरमिसळ होते. दोन्हींत नायजेरियाच्या आग्नेय भागातली इग्बो लोकांची गावं. दोन्हींत यामची शेती (याम म्हणजे आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद, तिकडे पुरुषाची पत त्याच्या यामच्या साठ्यावर ठरते). दोन्हींत एक ताठ मानेचा बाप, मिशनऱ्यांकडे गेलेला मुलगा, गोरा अधिकारी आणि शेवटी बापाचा नाश. मग ‘गोरे आले आणि गाव मोडलं’ हे एकच वाक्य परीक्षेच्या दोन्ही उत्तरांत लिहिलं जातं. पहिल्या कादंबरीला ते अर्धवट लागू पडतं. दुसरीच्या बाबतीत ते वाचणाऱ्याला सरळ चुकीच्या वाटेवर नेतं.

आधी काळ बघू, कारण बाकीचे बरेच फरक त्यातूनच निघतात. पहिल्या कादंबरीचा नायक ओकोंक्वो; त्याचं गाव उमुओफिया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं आहे. कादंबरीच्या २५ प्रकरणांपैकी पहिल्या १३ प्रकरणांत गोरा माणूस म्हणजे फक्त एक उडती गोष्ट. गाव आपल्या सणांनी, न्यायाने आणि आपल्या क्रौर्यानेही चाललेलं असतं. दुसरीचा नायक एझेउलू; त्याचं उमुआरो १९२०च्या आसपासचं. मधल्या काळात दक्षिण नायजेरिया ब्रिटिश संरक्षित प्रदेश झालेला आहे (१९००) आणि उत्तर-दक्षिण जोडून एकच नायजेरिया उभा राहिला आहे (१९१४). त्यामुळे दुसऱ्या कादंबरीत ‘गोरे येणार का, आल्यावर काय करायचं’ हा प्रश्नच उरलेला नाही. ब्रिटिश अधिकारी कॅप्टन विंटरबॉटम शेजारच्या ओक्पेरी गावाच्या टेकडीवर केव्हाच मुक्कामाला आहे. त्याने उमुआरो आणि ओक्पेरीमधली जमिनीवरून पेटलेली लढाई थांबवली आहे आणि लोकांच्या बंदुका मोडून टाकल्या आहेत. आता प्रश्न आहे तो राज्य कुणाच्या हातून चालवायचं याचा.

ओकोंक्वो कुठल्याही पदावर नाही. कुस्ती, शेती, लढाई यांतून त्याने स्वतःला घडवलं, आणि घडवलं ते एका भीतीपोटी. बाप उनोका बासरीत रमणारा, कर्जात बुडालेला. आपण त्याच्यासारखे दिसू नये ही ती भीती. इकेमेफुनाचं प्रकरण या भीतीच्या उजेडात वाचावं. नुकसानभरपाई म्हणून उमुओफियाला मिळालेला हा मुलगा तीन वर्षं ओकोंक्वोच्या घरात वाढतो, त्याला बाप म्हणतो. देववाणीचा हुकूम येतो तेव्हा गावातला वृद्ध एझेउदू ओकोंक्वोला बजावतो की या मुलाच्या मृत्यूत तुझा हात असू नये. तरीही, आपण दुबळे ठरू या धास्तीने ओकोंक्वो स्वतः घाव घालतो. तिथे एकही मिशनरी नाही, एकही शिपाई नाही. पुढे ओकोंक्वोचा मुलगा न्वोये ख्रिस्ती होतो त्याची मुळं या घटनेत आहेत. जंगलात टाकलेल्या जुळ्या बाळांचं रडणं आणि इकेमेफुनाचा मृत्यू त्याच्या मनात सलत असतो, आणि म्बांटात (ओकोंक्वोच्या आईच्या गावी) ऐकलेलं भजन नेमकं त्या सलावर फुंकर घालतं. नव्या धर्माचा सिद्धांत त्याला कळलेला नसतो, ट्रिनिटी (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) वगैरे तर मुळीच नाही. जुळ्यांच्या आया, वाळीत टाकलेले ओसू, न्वोयेसारखी मुलं: ज्यांना गावाने आधीच दुखावलं होतं तेच सगळ्यात आधी चर्चच्या दारात गेले. हा मुद्दा ज्या उत्तरात नाही, त्या उत्तराला पहिली कादंबरी कळलेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

ओकोंक्वोचा शेवट मात्र गोऱ्या सत्तेशी थेट भिडून होतो. गावच्या सहा प्रमुखांना बोलणी करायची म्हणून बोलावून बेड्या घातल्या जातात, त्यांच्यासाठी दंड उकळला जातो. सुटून आल्यावर गावसभेत ओकोंक्वो कोर्टाच्या शिपायाचं डोकं उडवतो आणि मागे वळून बघतो. बाकीच्या शिपायांना लोकांनी निसटू दिलेलं असतं. उमुओफिया लढणार नाही हे त्याला त्या क्षणी कळतं, आणि तो गळफास घेतो.

एझेउलूकडे वळल्यावर वाचण्याची पद्धतच बदलावी लागते. तो उलू या देवाचा मुख्य पुजारी. अबामच्या लुटारूंपासून वाचण्यासाठी सहा गावं एकत्र आली आणि त्यांनी मिळून हा देव घडवला. म्हणजे देव माणसांनी केलेला, आणि ही गोष्ट गावात कुणी विसरलेलं नाही. एझेउलूचा प्रतिस्पर्धी न्वाका तर भर सभेत आठवण करून देतो की उपयोगाचा न राहिलेला देव एका गावाने वेशीवर नेऊन जाळला होता. कादंबरी उघडते तेव्हा एझेउलू नवा चंद्र शोधत असतो. चंद्र दिसला की त्याने जपून ठेवलेल्या पवित्र यामपैकी एक खायचा. ते संपत आले की नव्या यामच्या सणाचा दिवस जाहीर करायचा, आणि त्यानंतरच गावाने शेतातला याम काढायचा. सगळ्या वर्षाचं चक्र त्याच्या हातात. पण ही सत्ता खरी आहे का, हा प्रश्न त्याला पहिल्याच प्रकरणात पडतो. मी दिवस सांगायचं नाकारलं तर? शेवटच्या आपत्तीचं बीज इथे पेरलेलं आहे. पुस्तक संपवल्यावर पहिलं प्रकरण पुन्हा वाचावंच.

विंटरबॉटमला एझेउलू आवडतो, कारण जमिनीच्या वादात त्याने स्वतःच्या गावाविरुद्ध खरी साक्ष दिली. वरून फर्मान असतं की जिथे राजे नाहीत तिथेही ‘वॉरंट चीफ’ नेमा आणि त्यांच्यामार्फत कारभार करा. इग्बो गावांचा कारभार प्रामुख्याने सभा, वडीलधारे आणि पदव्या मिळवलेले पुरुष यांच्या मेळाने चाले. असा नेमलेला प्रमुख त्या व्यवस्थेत बसणारा नव्हता. (प्रत्यक्ष इतिहासातही या वॉरंट चीफांवर आणि कराच्या भीतीवर १९२९ मध्ये इग्बो प्रदेशातल्या बायकांनी मोठा उठाव केला.) एझेउलू ठाम सांगतो की तो उलूशिवाय कुणाचाही चीफ होणार नाही. त्याला ओक्पेरीत अडकवून ठेवलं जातं. विंटरबॉटम स्वतः तोवर तापाने अंथरुणाला खिळलेला. त्याच्या हाताखालच्या क्लार्क नावाच्या अधिकाऱ्याला या पुजाऱ्याचं नेमकं काय करायचं हेही उमगत नाही. या काळात दोन नवे चंद्र येऊन जातात आणि ते याम खायचे राहतात.

इथून पुढचा सगळा संघर्ष उमुआरोच्या आतला. परतलेला एझेउलू सांगतो, याम उरलेत, ते एकेका चंद्राला संपल्याशिवाय सण नाही. शेतात पीक सडू लागतं. गावचे पदवीधारक येऊन विनवतात, उरलेले याम आताच खा, पाप आमच्या डोक्यावर. तो नकार देतो. हा नकार देवाचा की दुखावलेल्या माणसाचा? एझेउलूला उलूचा आवाज ऐकू येतो: हे भांडण तुझं आहे असं तुला कुणी सांगितलं? तो स्वतःला देवाच्या धनुष्यातला बाण समजतो. अचेबे या प्रश्नाचा निकाल देत नाहीत, आणि मला वाटतं अभ्यासाचा खरा गाभा हाच आहे. दरम्यान गुडकंट्री हा धर्मोपदेशक जाहीर करतो की याम चर्चमध्ये वाहा, उलू तुमचं काही बिघडवणार नाही. गुडकंट्रीही आफ्रिकीच. भुकेली माणसं आपल्या मुलांच्या हाती याम पाठवतात आणि शेतं मोकळी करतात. एझेउलूचा लाडका मुलगा ओबिका अचानक मरतो आणि बापाचं भान हरपतं.

म्हणून ‘वसाहतवादाने पारंपरिक समाज कसा उद्ध्वस्त केला’ असा प्रश्न आला तर दोन पुस्तकांना दोन उत्तरं द्यावी लागतात. उमुओफियात सत्ता बाहेरून आदळते आणि आतल्या जुन्या भेगा रुंदावते. उमुआरोत सत्ता केवळ एक तारीख चुकवते. बाकीचं पुजारी, गाव आणि देव यांच्यातल्या वैराने होतं.

मांडणीतला एक फरक बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. पहिल्या कादंबरीत गोऱ्या अधिकाऱ्याच्या मनात आपल्याला अगदी अखेरीस शिरता येतं. ओकोंक्वोचं प्रेत टांगलेलं असताना तो आपल्या नियोजित ग्रंथाचा विचार करतो, आणि या माणसाला त्यात फार तर एक परिच्छेद द्यायचं ठरवतो. ग्रंथाचं नाव ‘द पॅसिफिकेशन ऑफ द प्रिमिटिव्ह ट्राइब्ज ऑफ द लोअर नायजर’. दुसऱ्या कादंबरीत गोऱ्यांची जेवणाची टेबलं, हेवेदावे, बढतीची खंत यांना सबंध प्रकरणं मिळतात, आणि तिथे क्लार्कच्या हातात हाच ग्रंथ छापील स्वरूपात असतो, जॉर्ज ॲलन या लेखकाच्या नावाने. एका गावाचं रक्त आटून झालेली ती एका परिच्छेदाची नोंद आता नव्या अधिकाऱ्यांचं पाठ्यपुस्तक झाली आहे. दोन्ही कादंबऱ्या शेजारी ठेवल्याशिवाय हे दिसत नाही.

या दुव्यामुळे काही जण ‘ॲरो ऑफ गॉड’ला ‘थिंग्ज फॉल अपार्ट’चा पुढचा भाग मानतात. तसं नाही; उमुआरोत ओकोंक्वोच्या घरातलं कुणीच नाही. त्या घराण्याचं पुढे काय झालं ते ‘नो लाँगर ॲट ईज’ (१९६०) मध्ये येतं. तिथे न्वोयेचं नाव आयझॅक झालेलं आहे, आणि त्याचा इंग्लंडला शिकून आलेला मुलगा ओबी लाच घेतल्याबद्दल लागोसच्या कोर्टात उभा आहे.