हिरोशिमाच्या संग्रहालयात आधी आले ते दगड

हिरोशिमाचं शांती स्मारक संग्रहालय म्हटलं की तिथली तीनचाकी सायकल किंवा करपलेला जेवणाचा डबा आठवतो. हा संग्रह सुरू झाला मात्र दगड-कौलांपासून, आणि तो जमवायला सुरुवात केली एका भूगर्भशास्त्रज्ञाने.

६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठ वाजता बॉम्ब पडला. लगेचच शहरात पोचलेल्या शोगो नागाओका यांना दगडांचे वितळलेले पृष्ठभाग दिसले. साध्या आगीत दगडाचं असं होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. स्फोटाच्या जवळपासच्या घरांची कौलं तर भाजलेल्या कातडीसारखी फोडांनी भरली होती. हे तुकडे ते वेचून घरी साठवू लागले. १९४९ मध्ये एका सार्वजनिक सभागृहातल्या खोलीत ते मांडले गेले. १९५५ मध्ये वास्तुरचनाकार केन्झो तांगे यांनी आखलेली संग्रहालयाची इमारत खुली झाली आणि नागाओका तिचे पहिले संचालक झाले.

पुढच्याच वर्षी याच इमारतीत ‘शांततेसाठी अणू’ हे अणुऊर्जेची भलावण करणारं प्रदर्शन भरलं. त्यासाठी जागा हवी म्हणून बॉम्बची निशाणी असलेल्या वस्तू काही दिवस दुसरीकडे हलवल्या गेल्या! त्या काळातल्या जपानचा गोंधळ यातून जितका कळतो, तितका पानभर विवेचनातूनही कळणार नाही.

१९७१ मध्ये सुमितोमो बँकेच्या पायऱ्या इथे आल्या. बँक स्फोटाच्या केंद्रापासून २६० मीटरवर होती आणि ती उघडण्याची वाट बघत कुणीतरी पायरीवर बसलं होतं. बॉम्बच्या झळीने आजूबाजूचा दगड पांढुरका पडला आणि माणसाने अडवलेला भाग तेवढा काळपट राहिला. लोक या डागाला ‘सावली’ म्हणतात. तो पुसट होत चालल्याने पायऱ्या आता काचेआड आहेत.

कपडे, डबे, चपला आल्या त्या बहुतेक घरच्यांकडून. त्यात शाळकरी मुलांच्या वस्तू इतक्या का, याला कारण आहे. हवाई हल्ल्यातली आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे केले जात होते आणि त्या सकाळी हजारो विद्यार्थी त्या पाडकामावर होते, बरेचसे बारा-तेरा वर्षांचे. डबा अशाच एका मुलाचा. आईला तीन दिवसांनी त्याचा मृतदेह सापडला तेव्हा डबा त्याच्या अंगाखाली होता, आतल्या अन्नाचा कोळसा झालेला. सायकल चार वर्षांचाही न झालेल्या मुलाची. वडिलांनी मुलाला अंगणात पुरलं तेव्हा सायकलही सोबत पुरली. चाळीस वर्षांनी, १९८५ मध्ये, अवशेष बाहेर काढले गेले आणि सायकल संग्रहालयाला मिळाली.

अमेरिकेत १९९५ मध्ये स्मिथसोनियन संस्था ‘एनोला गे’ हे बॉम्ब टाकणारं विमान मांडणार होती. सोबत हिरोशिमाच्या वस्तूही ठेवायचा बेत होता. माजी सैनिकांच्या संघटना आणि काँग्रेसचे सदस्य भडकले, बेत बारगळला आणि मुख्यतः विमानाचे भाग तेवढे मांडले गेले. हिरोशिमाच्या काही वस्तू त्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टनमधल्या अमेरिकन विद्यापीठात दाखवल्या गेल्या.

घरच्या मैदानावरही वाद झालाच. लोंबत्या कातडीनिशी ढिगाऱ्यातून चालणारे पुतळे इथे वर्षानुवर्षं होते. २०१७ मध्ये ते काढले. भर खऱ्या वस्तूंवर हवा, असं संग्रहालयाचं म्हणणं होतं. पुतळे गेले तर भीषणता सौम्य होईल, असं विरोध करणाऱ्यांना वाटत होतं. मला निर्णय पटतो: पुतळा कुणाचाच नसतो, फाटका गणवेश मात्र एकाच मुलाचा असतो. २०१९ मध्ये मुख्य इमारत नव्या मांडणीने खुली झाली. आता अनेक वस्तूंशेजारी ती वापरणाऱ्याचं नाव आणि मिळालाच असेल तर फोटोही लावलेला असतो.