मेंदूतील गुठळी काढण्याच्या पद्धती

मेंदूला रक्त पुरवणारी मोठी धमनी गुठळीने अचानक तुंबली, तर ती गुठळी नळीवाटे बाहेर काढण्याच्या उपचाराला मेकॅनिकल थ्रॉम्बेक्टॉमी म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या सीमाभागात या दुखण्याला ‘लकवा मारला’ किंवा ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. कानडी शब्द आहे पार्श्ववायू. दोन्ही भाषांनी वाऱ्याला धरले, पण बहुतेक रुग्णांत बिघाड असतो तो रक्तवाहिनी तुंबल्याचा. उरलेल्यांत वाहिनी फुटून रक्तस्राव झालेला असतो. म्हणून सीटी स्कॅन झाल्याशिवाय काहीच ठरत नाही.

साडेचार तासांच्या आत आलेल्या रुग्णाला गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून देतात. पण मोठ्या धमनीतली गुठळी केवळ औषधाने सुटेलच असे नसते. अशा वेळी जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून नळी आत घालून, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत, ती मेंदूपर्यंत नेतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाच चाचण्यांनी या उपचाराचा फायदा निर्विवाद ठरवला. २०१८ मध्ये आणखी दोन चाचण्या आल्या. स्कॅनमध्ये मेंदूचा वाचवता येण्याजोगा भाग शिल्लक दिसला, तर निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही उपयोग होतो, हे त्यांनी दाखवले.

डॉक्टरांची पसंती मुख्यतः दोन पद्धतींत विभागलेली आहे. पहिली स्टेंट रिट्रीव्हरची. निकेल-टायटॅनियमच्या तारेची बारीक जाळी गुठळीच्या आरपार नेऊन उघडतात. काही मिनिटांत गुठळी जाळीत रुतते आणि दोन्ही एकत्र ओढून घेतात. ओढताना गळ्यातील धमनीत फुगा फुगवून वरचा प्रवाह थांबवण्याची रीत अनेक ठिकाणी आहे, म्हणजे तुकडे सुटून पुढे जाऊ नयेत. दुसरी पद्धत चोषणाची. रुंद तोंडाची मऊ नळी थेट गुठळीला भिडवतात आणि पंपाने किंवा मोठ्या सिरिंजने ती खेचून घेतात. यात गुठळी ओलांडून पलीकडे जावे लागत नाही.

अनेक डॉक्टर दोन्ही एकदम वापरतात, जाळीने धरायचे आणि नळीने ओढायचे. हे करणाऱ्यांचा आग्रह मोठा असतो. मात्र २०२१ च्या फ्रान्समधील चाचणीत धमनी जवळजवळ पूर्ण मोकळी होण्याचे प्रमाण एकत्रित पद्धतीत ६४.५ टक्के आणि नुसत्या जाळीत ५७.९ टक्के आले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. त्याआधी २०१९ मध्ये २७० रुग्णांवर चोषण आणि जाळी यांची तुलना झाली. तीन महिन्यांनी स्वतःचे स्वतः करू शकणारे रुग्ण अनुक्रमे ५२ आणि ५० टक्के होते. तेव्हा कोणती पद्धत वापरली यावरून डॉक्टर बरा की वाईट हे ठरवणे चुकीचे आहे. ज्या हाताला जी सवय, ती त्याने वापरावी. खरी किंमत आहे पहिल्याच खेपेत धमनी मोकळी होण्याला. खेपा वाढतात तशी धमनीला इजा होण्याची शक्यताही वाढते.

गुठळीचा स्वभावही पाहावा लागतो. तांबड्या पेशींनी भरलेली गुठळी मऊ असते, फायब्रिनची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या तंतूंची, चिवट. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडप बिघडलेल्या हृदयातून सुटलेल्या गुठळ्या अजून दिसतात. शिवाय भारतीयांत मेंदूतील धमनीच आतून चरबीने अरुंद झालेली असण्याचे प्रमाण युरोपीयांपेक्षा जास्त आहे. अशा जागी गुठळी काढली तरी धमनी पुन्हा बंद पडू शकते, मग फुगा किंवा कायमचा स्टेंट लागतो.

पद्धतींतला फरक थोडा, पण वेळेतला फार मोठा. धमनी बंद असताना मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा २००६ मधील एक अंदाज आहे. सीमाभागात वाटा वेगवेगळ्या दिशांना फुटतात. खानापूरचा रुग्ण बेळगावला येतो, निपाणीच्याला कोल्हापूर जवळ पडते, अथणीकडचे मिरजेला जातात. हृदयासाठी कॅथलॅब, म्हणजे धमनीत नळी घालून उपचार करण्याची खोली, असलेल्या प्रत्येक दवाखान्यात मेंदूतील गुठळी काढणारा डॉक्टर असतोच असे नाही. गाडी निघण्याआधी फोन करून हे विचारावे. तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही दिसले की तेल चोळत बसू नये, पाणीही पाजू नये; ते श्वासनलिकेत जाऊ शकते. शेवटचे ठणठणीत कधी पाहिले, ती वेळ लक्षात ठेवावी. झोपेतून उठताना लकवा दिसला, तर घड्याळ रात्री झोपल्या वेळेपासून मोजले जाते.

एक गोष्ट इथल्या नातेवाइकांनी आवर्जून सांगावी: रुग्णाची घरची भाषा कोणती. उपचार ठरवताना वस्तूंची नावे विचारून वाचा गेली आहे का हे तपासतात. घरी मराठीच बोलणाऱ्या आजीला कानडीत विचारले आणि ती गप्प राहिली, तर तो लकव्याचा परिणाम की न कळल्याचा, हे शेजारी उभ्या मुलालाच सांगता येईल.