व्हिन्सेंट, ए.

(१४ जून १९२८–२५ फेब्रुवारी २०१५). मल्याळम चित्रपट दिग्दर्शक आणि दक्षिण भारतातील अग्रगण्य छायालेखक. पूर्ण नाव अलोशियस व्हिन्सेंट. जन्म कोझिकोड येथे. वडिलांचा छायाचित्रणाचा स्टुडिओ असल्याने कॅमेऱ्याची ओळख घरातच झाली. १९४७ च्या सुमारास ते मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत छायालेखक कमल घोष यांच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. रामू कार्याट व पी. भास्करन यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘नीलक्कुयिल’ (१९५४) या चित्रपटाने त्यांचे नाव झाले. मल्याळम चित्रपट तोवर बव्हंशी स्टुडिओच्या भिंतींत अडकला होता; तो केरळच्या उघड्यावर नेण्याचे श्रेय या चित्रपटाला देतात आणि त्यातला मोठा वाटा व्हिन्सेंट यांच्या कॅमेऱ्याचा आहे. पुढे तमिळ दिग्दर्शक श्रीधर यांच्या ‘कल्याण परिसु’ (१९५९), ‘कादलिक्क नेरमिल्लै’ (१९६४) इ. तमिळ चित्रपटांचे छायालेखनही त्यांनी केले.

दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट ‘भार्गवीनिलयम’ (१९६४). निर्माते टी. के. परीकुट्टी. मल्याळम साहित्यिक वैक्कम मुहम्मद बशीर यांच्या ‘नीलवेळिच्चम’ (निळा प्रकाश) या लघुकथेवरून खुद्द बशीर यांनीच पटकथा लिहिली. एक लेखक ओसाड घर भाड्याने घेतो. प्रेमभंगामुळे विहिरीत जीव दिलेल्या भार्गवीचे भूत तेथे वावरते, असे त्याला गावकरी सांगतात. तो न पळता तिच्याशी बोलू लागतो, तिची कथा लिहावयास घेतो आणि आत्महत्या म्हणून रूढ झालेला मृत्यू हा खून होता, हे उघड होते. मधू, प्रेम नझीर, विजया निर्मला व पी. जे. अँटनी यांच्या प्रमुख भूमिका. पी. भास्करन यांची गीते व एम. एस. बाबुराज यांचे संगीत आजही केरळात गायले जाते. येशुदास यांचे ‘तामसमेन्ते वरुवान’ हे त्यांतील सर्वांत लोकप्रिय. विनोदी नट पद्मदलाक्षन यांना ‘कुतिरवट्टम पप्पू’ हे नाव याच चित्रपटातील पात्रावरून मिळाले.

मल्याळममधील पहिला भयपट असा ‘भार्गवीनिलयम’चा उल्लेख सामान्यतः केला जातो. या विधानाबाबत मतभेद संभवतात. पौराणिक चित्रपटांतून अमानवी पात्रे आधीपासूनच येत होती; त्यामुळे ‘पहिला’ हे विशेषण भयपटाची व्याख्या कशी करावी यावर अवलंबून राहते. या चित्रपटाचा गाभा प्रेमकथेचा आणि उत्तरार्ध खुनाच्या तपासाचा आहे, म्हणून त्यास भयपट म्हणू नये, असेही म्हणता येते. परंतु कथेच्या अखेरीस भूत हा भास ठरत नाही, ही बाब निर्णायक मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मलयाट्टूर रामकृष्णन यांच्या कादंबरीवरील के. एस. सेतुमाधवन यांच्या ‘यक्षी’त (१९६८) नायिका खरोखर यक्षी (पुरुषांना भुलवणारे स्त्रीपिशाच) आहे की नायकाच्या मनाचा खेळ, ही शंका हेच कथेचे सूत्र आहे, फाझिल यांच्या ‘मणिच्चित्रताळ’मध्ये (१९९३) तर भुताचा उलगडा मनोविकारातून होतो. व्हिन्सेंट यांच्या चित्रपटात भार्गवी असतेच आणि प्रेक्षकाने तिची बाजू घ्यावी, अशी रचना आहे. ही सहानुभूती मुळात बशीर यांची. तिला पडद्यावर रूप मिळाले ते मात्र छायालेखकाच्या दृष्टीतून.

मूळ कथेचा कळस रंगावर बेतलेला आहे. रॉकेल संपल्याने दिवा विझत आलेला पाहून लेखक बाहेर पडतो आणि परतल्यावर त्याला खोली निळ्या प्रकाशाने भरलेली दिसते. कृष्णधवल फिल्मवर निळा रंग दाखविणे अशक्य होते. म्हणून चित्रपटाचा सारा भार उजेड-काळोखाच्या तोलावर, रिकाम्या जागांवर आणि आवाजावर पडला. कॅमेरा येथे पी. भास्कर राव यांनी सांभाळला, तरी दृश्यरचनेवर व्हिन्सेंट यांचा ठसा स्पष्ट आहे. सुरुवातीच्या प्रदीर्घ भागात एकटा मधू अदृश्य श्रोत्रीशी बोलत राहतो. समोरून उत्तर नाही, आणि भीती त्या मौनातून निर्माण होते. व्यावसायिक चित्रपटात एकाच नटावर एवढा वेळ विसंबणे हे मोठे धाडस होते. पांढरी साडी व मोकळे केस ही मल्याळम पडद्यावरील भुताची वेशभूषा येथूनच रुळली, असे मानतात.

त्यानंतर व्हिन्सेंट बहुतांशी सामाजिक व कौटुंबिक विषयांकडे वळले. एम. टी. वासुदेवन नायर यांच्या पटकथांवरील ‘मुरप्पेण्णु’ (१९६५), ‘नगरमे नंदी’ (१९६७) व ‘असुरवित्तु’ (१९६८) हे महत्त्वाचे. त्यांच्याच ‘तुलाभारम’साठी (१९६८) शारदा यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. व्हिन्सेंट यांनी दिग्दर्शित केलेल्या सुमारे तीस चित्रपटांत भयपट मोजकेच आहेत. ‘वयनाडन तंपान’मध्ये (१९७८) चिरतारुण्यासाठी कुमारिकांचे बळी देणाऱ्या मांत्रिकाच्या भूमिकेत कमल हासन होते. पी. व्ही. तंपी यांच्या कादंबरीवरील ‘श्रीकृष्णप्परुंतु’त (१९८४) मोहनलाल यांनी मांत्रिकाच्या कुळातील ब्रह्मचर्याच्या बंधनात अडकलेला तरुण रंगविला. दोन्ही चित्रपटांत भर मंत्रतंत्रावर आहे. ‘भार्गवीनिलयम’चा संयम त्यांत नाही.

आशिक अबू यांनी २०२३ मध्ये बशीर यांच्याच पटकथेवरून ‘नीलवेळिच्चम’ हा रंगीत चित्रपट केला. पुढच्याच वर्षी राहुल सदाशिवन यांनी ‘भ्रमयुगम’ या भयपटासाठी कृष्णधवल माध्यम जाणीवपूर्वक निवडले.

हिंदी ‘प्रेमनगर’च्या (१९७४) छायालेखनासाठी व्हिन्सेंट यांना फिल्मफेअर पुरस्कार लाभला. मल्याळम चित्रपटसृष्टीतील योगदानासाठी दिला जाणारा केरळ शासनाचा जे. सी. डॅनियल पुरस्कार त्यांना १९९६ साठी मिळाला. जयानन व अजयन हे त्यांचे पुत्रही छायालेखक. तेलुगू ‘अन्नमय्या’चे (१९९७) छायालेखन व्हिन्सेंट यांनी अजयन यांच्यासमवेत केले. चेन्नई येथे त्यांचे निधन झाले.