तब्रीझच्या कागदी नोटा : मंगोल तिजोरी आटली कशी

सप्टेंबर 1294. इराणच्या तब्रीझ शहरात फर्मान निघालं की यापुढे व्यवहार सोन्याचांदीत नाही, कागदी ‘चाव’मध्येच करायचे; जो नाकारेल त्याला देहदंड. झालं! दुकानदारांनी माल दडवला, बाजार ओस पडले, लोक शहर सोडून जायला लागले. दोनेक महिन्यांत सरकारला चाव गुंडाळावा लागला. हे फर्मान काढणारा इलखान (इराणचा मंगोल राजा) गैखातू म्हणजे चंगीझखानाच्या खापरपणतूंपैकी एक.

त्याच्यावर ही वेळ का आली, हे समजायला थोडं मागे जायला हवं. 1206 मध्ये चंगीझखानाने स्टेपमधल्या, म्हणजे मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातल्या, टोळ्या दहा, शंभर, हजार, दहा हजार अशा पथकांत बांधल्या. हे सैन्य जगत होतं लुटीवर, आणि लुटीची वाटणी हाच निष्ठेचा पाया होता. पुढे 1258 मध्ये त्याचा नातू हुलागू याने बगदाद जिंकलं, खलिफाला ठार केलं आणि शहराची शतकानुशतकांची संपत्ती उचलली. त्यातला मोठा वाटा उर्मिया सरोवरातल्या एका बेटावरच्या किल्ल्यात ठेवला होता. दरबारी इतिहासकार रशीदुद्दीन सांगतो की पहारेकरीच तिथलं सोनं थोडंथोडं करून व्यापाऱ्यांना विकत राहिले. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं.

नवी लूट तर थांबलीच होती. 1259 मध्ये साम्राज्याचा प्रमुख, हुलागूचा भाऊ मोंगके खान वारला आणि साम्राज्य भाऊबंदकीत अडकलं. 1260 मध्ये ऐन जालूत इथे इजिप्तच्या ममलुकांनी मंगोल फौज हरवली, आणि उत्तरेकडचा चुलतभाऊ बर्के हुलागूवरच चालून आला. आता उरली ती रयत. तिच्याकडून ठरलेला कर तर घेतच, वर येणारे-जाणारे दूत आणि सरदार घोडे, धान्य, मुक्काम फुकट उपटत. गावं उजाड झाली तर वसुली कुणाकडून करणार, हा विचार निदान गैखातूच्या दरबारात तरी फारसा कुणी केलेला दिसत नाही. खान स्वतः उधळ्या, त्यातच जनावरांवर साथ आलेली. तिजोरीत खडखडाट.

वजीर सद्रुद्दीन झंजानी याला उपाय दिसला चीनमध्ये. तिथे हुलागूचा भाऊ कुब्लाईखानाने 1260 पासून तुतीच्या सालीच्या कागदावर नोटा छापल्या होत्या. कुब्लाईचा दूत बोलाद तेव्हा इराणातच होता. त्याला विचारून नोटा तयार झाल्या. त्यांच्यावर चिनी अक्षरं होती आणि इस्लामी कलमाही. किमती अर्ध्या दिरहमपासून दहा दिनारांपर्यंत. फक्त, चीनमध्ये कागदी पैशाची सवय मंगोलांच्या आधीच्या सुंग घराण्याच्या काळापासूनची, आणि कुब्लाईच्या नोटांना सुरुवातीला चांदीचा आधार होता. तब्रीझच्या नोटांमागे रिकामी तिजोरी आणि जल्लादाची तलवार.

असाच प्रयोग पुढे आपल्याकडे मुहम्मद बिन तुघलकाने 1330 च्या सुमारास तांब्या-पितळेच्या नाण्यांचा केला. त्यातली काही दौलताबादेच्या टांकसाळीत पाडलेली आहेत. चीन-इराणचं उदाहरण त्याच्यासमोर असावं असं काही इतिहासकार मानतात. नकली नाण्यांनी तो प्रयोग बुडाला, पण तुघलकाने ती नाणी परत घेऊन सोनं-चांदी दिली. गैखातूकडे देण्यासारखं काही नव्हतंच.

1295 मध्ये गैखातूचा खून झाला आणि वर्षअखेरीआधीच त्याचा पुतण्या गाझान गादीवर बसला. इस्लाम स्वीकारलेला हा इलखान, आणि त्याचा वजीर तोच रशीदुद्दीन. चांदीची एकसारखी नाणी आली, दूतांच्या मनमानीला लगाम बसला, आणि कोणत्या गावाने किती कर द्यायचा ते लाकडी फळीवर, दगडावर किंवा लोखंडावर कोरून गावात लावायचा हुकूम निघाला. वसुली कारकून आता मनाला येईल तो आकडा सांगू शकत नव्हता. चंगीझच्या घराण्याने इराणात रयतेचा असा हिशेब मांडायला बगदादनंतर जवळजवळ चाळीस वर्षं घेतली.